वाचकांचे प्रश्न: कॅडिसफ्लायच्या पंखावरचा पहिला फाटा

प्रश्न: आमच्या कॉलेजच्या संग्रहालयात युरोपातून आलेल्या कॅडिसफ्लायची (पाण्याकाठचे, पतंगासारखे दिसणारे कीटक) जुनी पेटी आहे. लेबलांवर गाव आणि तारीख आहे, नाव नाही. पंखांच्या शिरा पाहून प्रजाती (जीनस) ठरवताना एकच नमुना कधी पॉलीसेंट्रोपस, तर कधी सर्नस निघतो. असं का होतं?
— एक वाचक, विलेपार्ले

उत्तर: बहुधा केसांमुळे. या कीटकांच्या पंखांवर दाट लव असते आणि पॉलीसेंट्रोपसच्या पुढच्या पंखावरचा १ नंबरचा फाटा (शीर दुभंगते ती जागा) तोकडा, अगदी टोकाशी असतो. तो लवेखाली दडला की नमुना सर्नस वाटतो, कारण सर्नसच्या पुढच्या पंखात हा फाटा नसतोच.

दुसरी चूक मोजण्याची. फाट्यांचे १ ते ५ हे नंबर ठरलेल्या शिरांचे आहेत. १ आणि २ रेडियल शिरेच्या मागच्या शाखेचे, ३ आणि ४ मीडियन शिरेचे, ५ क्युबिटल शिरेचा. ८.१२ ची लोकल रद्द झाली म्हणून ८.१६ च्या गाडीला कोणी ८.१२ म्हणत नाही. तसंच १ गायब असेल तर पहिला दिसणारा फाटा २ नंबरचाच राहतो. आधी डिस्कॉइडल कप्पा (रेडियल शिरेच्या मागच्या शाखेच्या दोन फांद्यांमधला कप्पा) शोधा. त्याच्या वरच्या कडेची शीर पुढे दुभंगली तर फाटा १, खालच्या कडेची दुभंगली तर फाटा २.

मागचा पंख वगळू नका. प्लेक्ट्रोक्नेमिया या जवळच्या प्रजातीत तिथे १, २ आणि ५ हे फाटे असतात, पॉलीसेंट्रोपसमध्ये फक्त २ आणि ५. पुढच्या पंखावर दोघांतही पाचही असतात, म्हणजे निकाल मागच्या पंखावरच लागतो.

वाळलेला पंख थेट ओढला तर तुटतो. झाकणाच्या डब्यात ओला कापूस ठेवून त्यावर नमुना एक दिवस मऊ होऊ द्या. टाचणीला पाणी लागू देऊ नका. पावसाळ्यात मुंबईची हवा मुळातच दमट, त्यामुळे दोन दिवस ठेवलात तर बुरशी ठरलेली. मग एकाच बाजूचे दोन्ही पंख चिमट्याने बुडाशी धरून काढा. काचेच्या बशीत ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या आणि ० नंबरच्या ब्रशने बुडाकडून टोकाकडे केस झाडा. उलट दिशेने झाडल्यास कडा दुमडते. पंख वाळवून दोन काचपट्ट्यांमध्ये ठेवा आणि खालून प्रकाश देऊन पाहा. ग्लिसरीनमध्ये ठेवायचा मोह टाळा, फिक्या शिरा त्यात विरून जातात. पट्टीवर नमुन्याचा क्रमांक लगेच लिहा, नाहीतर संध्याकाळी कोणता पंख कुणाचा हेच कळणार नाही.

प्रश्न: त्याच पेटीत २ सेंमीहून लांब पंखाचे दोन मोठे नमुने आहेत. एकाच्या पुढच्या पंखात फाटा ४ आहे, दुसऱ्यात नाही. या दोन वेगळ्या प्रजाती समजाव्या का?

उत्तर: घाई नको. फ्रिगेनिया या मोठ्या कॅडिसफ्लायच्या प्रजातीत मादीच्या पुढच्या पंखात पाचही फाटे असतात, नरात ४ नंबरचा नसतो. पोटाचं टोक पाहून आधी नर-मादी ठरवा. फ्रिगेनिया ग्रँडिसच्या मादीच्या पंखावर काळपट लांबट पट्टाही असतो, पण जुन्या पेटीत रंग उडतात. आम्ही रंगावर शेवटी जातो.

पुढच्या पंखाची बाहेरची कड खोलगट कापल्यासारखी असेल तर तो ग्लायफोटेलियस. कड फक्त तिरकी छाटल्यासारखी, पंख अरुंद आणि जवळजवळ बिनकेसांचा असेल तर लिम्नेफिलसकडे वळा आणि नडगीवरचे मोठे काटे (स्पर) मोजा: पुढच्या, मधल्या, मागच्या पायावर अनुक्रमे १, ३, ४. हॅलेससमध्ये १, ३, ३. काटे गळतात, त्यामुळे दोन्ही बाजूंचे पाय पाहा.

प्रश्न: येऊरला दिव्यावर आलेले नमुने याच युरोपीय किल्लीने (लक्षणं एकेक तपासत नावापर्यंत नेणारा तक्ता) ओळखता येतील का?

उत्तर: नाही. हायड्रोसायकीसारख्या काही प्रजाती दोन्हीकडे आहेत, पण स्टेनोसायकीसारख्या आशियाई प्रजाती त्या किल्लीत नसतात. तरी किल्ली तुम्हाला कुठल्यातरी युरोपीय नावापर्यंत नेऊन सोडतेच, आणि ते नाव चुकीचं असू शकतं. फाटे, डोक्यावरचे छोटे साधे डोळे (ओसेलाय) आणि काटे नोंदवायची पद्धत मात्र तीच वापरा.