विचर ३ संपवलात, पण अजून तिथून निघाला नाहीत

'विचर ३' या व्हिडिओ गेममध्ये तीन महिने, १४० तास घातलेत, शेवटी नायक गेराल्टची (हा विचर, म्हणजे पैसे घेऊन राक्षस मारणारा) मानसकन्या सिरी परत आली नाही, आणि नंतरच्या आठवड्यात दोन नवे गेम लावून अर्ध्या-अर्ध्या तासात काढून टाकले. तुमचं गाऱ्हाणं थोडक्यात एवढं. प्रश्न तीन: जुनं सेव्ह (साठवलेला खेळ) उघडून शेवट बदलू का, न्यू गेम प्लस (कमावलेलं सोबत घेऊन पहिल्यापासून खेळ) सुरू करू का, की दुसराच एखादा अवाढव्य गेम घेऊ? घाईत असाल तर उत्तर इथेच घ्या: तिन्ही नको. निदान आत्ता नको. दोन्ही एक्स्पान्शन (मूळ गेमला जोडलेल्या नव्या कथा) तुमच्याकडे आहेत आणि त्यांना अजून हात लावलेला नाही, असं तुम्ही ओघात लिहून गेलात. माझं सगळं उत्तर त्या एका वाक्याभोवती फिरणार आहे.

पुढे मूळ गेमचा शेवट उघड होतो. एक्स्पान्शनचा शेवट सांगणार नाही, बिनधास्त वाचा.

मी हा गेम मे २०१५ मध्ये, आला त्याच आठवड्यात घेतला आणि रोज थोडा थोडा करत सप्टेंबरात संपवला. दुसऱ्याच दिवशी तुमच्यासारखाच शहाणपणा केला: त्याच आकाराचा दुसरा गेम लावला. कथा बरी होती, देखावे सुंदर होते, पण हात ऐकेनात. कुठल्याही खोलीत शिरलं की माझं बोट आपोआप डावा ट्रिगर दाबून धरायचं, जमिनीवर काही लाल चमकतंय का ते बघायला. काहीच चमकायचं नाही. घोड्यावर बसले की तोंडात गेराल्टच्या घोडीचं नाव, 'रोच'च यायचं. चार दिवसांनी मी तो गेम टुकार ठरवून बंद केला. वर्षभराने पुन्हा लावला तेव्हा कळलं, चांगला होता बिचारा. चूक फक्त माझ्या वेळेची होती. तुम्ही काढून टाकलेल्या त्या दोन गेमनाही इतक्यात शिक्का मारू नका.

असं का होतं, यावर मी बराच विचार केलाय. नुसती मुख्य कथा धरून पळालं तर विचर साधारण पन्नास तासांत उरकतो. तुम्ही १४० घातलेत. म्हणजे जवळजवळ नव्वद तास तुम्ही सिरीला शोधत नव्हताच! तुम्ही गावच्या नोटिस बोर्डावरचे कागद वाचत होता. कामाचा कागद सापडला की ज्याने लावला त्याला गाठायचं, मोबदल्यासाठी घासाघीस करायची, समोरचा वैतागून सौदाच मोडायच्या बेताला आला की एक पाऊल मागे यायचं. मग चिखलातले ठसे, रक्ताचा माग, जखम बघून प्राणी कोणता ते ओळखणं, पोथी उघडून त्याला कुठलं तेल लागतं ते पाहणं, तलवारीला ते चोळणं. मारामारी होते दोन मिनिटांची. मग मुंडकं खोगिराला लटकवून परत, पैसे मोजून घ्यायचे आणि पुढचा बोर्ड. तीन महिने रोज संध्याकाळी तुम्ही ही नोकरी केलीत आणि ती एका रात्रीत सुटली. कथा संपल्याची हुरहुर दोन-चार दिवसांत ओसरते. मोडलेला दिनक्रम जास्त छळतो, कारण ठरलेली वेळ झाली की तो रोज आठवतो.

आता त्या शेवटाबद्दल. 'नेमकं कुठे चुकलं तेच कळत नाही' असं तुम्ही म्हणता, तर त्यामागचं गणित सांगते. गेराल्टचा गुरू वेसेमिर गेल्यानंतर सिरीबरोबरच्या मोजक्या प्रसंगांत गेराल्ट कसा वागतो, त्यावर तिचं भवितव्य ठरतं. विचरांच्या कायर मोरेन किल्ल्यात ती खचून बसलेली असते तेव्हा तिच्यासोबत प्यायला बसायचं, की बर्फाचे गोळे मारायला बाहेर काढायचं. तिच्या एल्फ गुरूच्या, अव्हालाकच्या प्रयोगशाळेत तिचं डोकं फिरतं तेव्हा तिला शांत करायचं, की खुशाल तोडफोड करू द्यायची. चेटकिणींच्या लॉजसमोर (त्यांच्या गुप्त मंडळासमोर) तिच्या मागे मागे जायचं, की एकटीला जाऊ द्यायचं. तिला मदत केलेल्या स्क्यालच्या थडग्यापाशी न्यायचं, की वेळ नाही म्हणायचं. तिला तिच्या खऱ्या बापाकडे, बादशहा एम्हिरकडे नेलंत आणि त्याच्याकडून पैसे घेतलेत, तर तेही हिशेबात धरलं जातं.

यातल्या एकाही ठिकाणी गेम 'हा निर्णय महत्त्वाचा आहे' अशी पाटी लावत नाही. पिण्याचा पर्याय तर चक्क प्रेमळ वाटतो. सगळ्यांनाच सगळं जमायला हवं असं थोडंच आहे, अशा अर्थाचं काहीतरी गेराल्ट म्हणतो. कुठलाही बाप हेच म्हणेल. सिरीला मात्र त्यातून ऐकू येतं की तुझ्याच्याने होणार नाही. मी पहिल्या खेपेला तेच निवडलं होतं. बाकीच्या ठिकाणी सुदैवाने तिच्या मध्ये मध्ये केलं नाही, म्हणून माझी सिरी विचर झाली आणि व्हाइट ऑर्चर्ड गावच्या सरायीत चांदीची तलवार हातात घेऊन हसली. तुमची नाही हसली. तुम्ही तिची काळजी जास्त केलीत, एवढाच तुमचा गुन्हा.

हे बदलायचं तर कायर मोरेनच्या लढाईनंतरचं सेव्ह शोधून तिथून शेवटापर्यंतचा सगळा प्रवास पुन्हा करावा लागेल. ते जमेल हो. पण आता कुठल्या वाक्याला किती गुण ते तुम्हाला माहीत आहे, त्यामुळे सिरीशी बोलायच्या ऐवजी तुम्ही उत्तरपत्रिका भरत बसाल. आणि खरं सांगू का, तुम्हाला मिळालेला शेवट तिन्हींत सरस आहे, यावर मी कितीही वाद घालायला तयार आहे. शेवटची क्रोन (दलदलीतल्या तीन दुष्ट म्हाताऱ्यांपैकी एक) मारून वेसेमिरचं पदक परत मिळवायचं, आणि मग दलदलीतल्या त्या झोपडीत गेराल्ट नुसता बसून राहतो. बाहेर राक्षस जमत असतात आणि तो उठतही नाही. दुसऱ्या खेपेला मी मुद्दाम हा शेवट ओढवून घेतला, आणि नंतर दोन दिवस कंट्रोलरला हात लावला नाही. एवढा मोठा खर्च करून बनवलेल्या गेममध्ये असा शेवट ठेवायला छाती लागते. तुमच्या समाधानासाठी एक सांगते: डिसेंबर २०२४ मध्ये विचर ४ ची अधिकृत घोषणा झाली आणि त्यात नायिका सिरीच आहे. तुमच्या सेव्हमध्ये काहीही झालेलं असो, पोरगी येतेय.

मग करायचं काय? श्रेयनामावली संपली की गेम तुम्हाला पुन्हा मोकळ्या जगात सोडतो. बहुतेक जण त्याच क्षणी बंद करतात, बहुधा तुम्हीही केलात. एक संध्याकाळ परत जा. सेटिंगमधून मिनिमॅप (कोपऱ्यातला छोटा नकाशा) बंद करा, फास्ट ट्रॅव्हल (नकाशावरून थेट उडी) फक्त एका प्रदेशातून दुसऱ्यात जाण्यापुरता वापरा, बाकी रस्ता घोड्यावरून.

मी आधी व्हेलन प्रांताच्या सरदाराच्या, बॅरनच्या वाड्यावर गेले होते. तुमच्या गेममध्ये त्याचं काय झालं ते तुम्ही लिहिलं नाहीत. टेकडीतल्या झाडाखालच्या त्या आत्म्याला सोडलं असेल तर दलदलीतली अनाथ पोरं वाचली, पण त्याची बायको अ‍ॅना गेली आणि बॅरनने गळफास लावून घेतला. आत्म्याला मारलं असेल तर पोरं क्रोन्सच्या घशात गेली आणि बॅरन वेड लागलेल्या बायकोला घेऊन डोंगरांकडे निघून गेला. कसंही झालं असलं तरी वाड्यात तो नसतो. माझ्या वेळी पाऊस पडत होता. जिथे तबेल्याला आग लागली होती आणि त्या धिप्पाड माणसाशी मी चिखलात गुद्दागुद्दी केली होती, तिथे त्याचे शिपाई टिवल्याबावल्या करत उभे होते. करण्यासारखं काहीही नव्हतं. मी दहा मिनिटं नुसती उभी राहिले. तिथून कायर मोरेनला गेले. रिकामा किल्ला, आणि ज्या आवारात सगळे मिळून लढले होते तिथे फक्त वारा. हे वाचून तुम्हाला येडेपणा वाटेल, वाटू दे. त्या रात्री मला बऱ्याच दिवसांनी झोप नीट लागली.

यानंतर 'हार्ट्स ऑफ स्टोन' घ्या. त्यासाठी ३२ च्या आसपासची लेव्हल सुचवलेली आहे, तुमची नक्कीच वर असेल. लढाया फार सोप्या वाटल्या तर शत्रूंची लेव्हल तुमच्याबरोबर वाढवण्याचा पर्याय सेटिंगमध्ये आहे, तो चालू करा. (पण मग उंदीरसुद्धा चावून जीव घेतात, तक्रार करायची नाही.) हे एक्स्पान्शन म्हणजे दहाएक तासांचा ऐवज. गेमच्या अगदी सुरुवातीला, व्हाइट ऑर्चर्डच्या सरायीत, गेराल्टच्या प्रेयसीचा, येनेफरचा ठावठिकाणा सांगणारा एक फाटका, हसतमुख माणूस भेटला होता, आठवतो? आरसे विकायचा. त्याच्याकडे तेव्हा कोणीच नीट पाहिलेलं नसतं. आता बघा. मी याहून जास्त बोलणार नाही, फक्त लग्नाच्या प्रसंगात घाई करू नका, आणि नंतर चित्रांमधल्या जगात शिराल तेव्हा प्रत्येक खोलीत थांबा. शोकाबद्दल एवढं नेमकं लिहिलेलं मी गेममध्ये फार थोड्या ठिकाणी पाहिलंय.

मग थांबा. दोन आठवडे, महिना, जमेल तितके. मधल्या काळात खेळायचंच असेल तर लहान, आणि विचरशी काडीचंही नातं नसलेलं काहीतरी घ्या: कोडी सोडवायची, गाड्या पळवायच्या, काहीही. 'आउटर वाइल्ड्स' माझ्या मते यासाठी अगदी योग्य. त्यात ना तलवार, ना लेव्हल, ना सामानाची पिशवी. बोटांच्या जुन्या सवयी तिथे निमूट गळून पडतात.

'ब्लड अँड वाइन' त्यानंतर. हे ३१ मे २०१६ ला आलं आणि वीसेक तासांचं आहे, पण त्याला नुसती जोड म्हणणं चुकीचं. टूसाँ हा पूर्ण नवा प्रदेश मिळतो. व्हेलनच्या चिखलातून आल्यावर तिथलं ऊन, द्राक्षमळे आणि रंगीबेरंगी चिलखतातले सरदार बघून आधी डोळे दिपतात आणि मग वाटतं, कुणीतरी आपली थट्टा करतंय. गेराल्टलाही तसंच वाटत असावं. काही वेळाने तुम्हाला एक मळा मिळतो, घरासकट. त्यावर पैसे खर्च करा. भिंतीवर चित्रं लावा, तलवारी मांडा, बाग करून घ्या. इतके तास ज्याला स्वतःचा एक खाटलाही नव्हता, त्याला घर लावून देणं हे त्या एक्स्पान्शनमधलं सगळ्यात महत्त्वाचं काम आहे. शेवटी तिथे कोण भेटायला येतं, ते तुमच्या मूळ गेममधल्या निर्णयांवर ठरतं. तुमची सिरी परत आली नाही, त्यामुळे तुमच्या दारात उभं राहणारं माणूस माझ्यापेक्षा वेगळं असू शकतं. मला ऐकायला आवडेल.

नकाशावर राहिलेल्या प्रश्नचिन्हांचंही विचारलंत. व्हेलनमधली वाटेत आली तर करा. स्केलिगे बेटांच्या समुद्रातली सोडून द्या, हात जोडून सांगते. तस्करांनी बुडवलेली पिंपं, प्रत्येक पिंपावर घिरट्या घालणाऱ्या सायरन (पंखवाल्या जलपऱ्या), होडीचं निम्मं लाकूड गेलेलं, आणि पिंपात काय, तर आधीच ज्याने पिशवी फुटायला आलीय तसलंच सामान. मी ती सगळी केली. का केली, ते आजही सांगता येत नाही. ग्वेंटचे (गेममधल्या पत्त्यांच्या खेळाचे) पत्ते गोळा करायचे असतील तर मात्र तो वेळ वाया जात नाही. कुठले पत्ते राहिलेत ते सांगणारं पुस्तक गेममध्येच मिळतं.

न्यू गेम प्लसचं दोन वाक्यांत: मूळ कथा संपली की तो खुला होतो, सामान आणि कौशल्यं बरोबर येतात, ग्वेंटचे पत्ते येत नाहीत. पण कथा तीच, आणि बलाढ्य गेराल्टने सुरुवात केली की व्हाइट ऑर्चर्डमधली ती पहिली धाकधूक उरत नाही. पुन्हा खेळायचंच असेल तर वर्षभराने, कोऱ्या सेव्हपासून, एक पायरी वरच्या डिफिकल्टीवर खेळा. तोपर्यंत संवाद अर्धे विसरलेले असतील.

आणि पुढचा मोठा गेम? 'किंगडम कम: डिलिव्हरन्स' आवडेल असं वाटतं: १४०३ मधलं बोहेमिया, जादू शून्य, नायकाला तलवार धरायलाही शिकावं लागतं. 'एल्डन रिंग'ही उत्तम आहे, पण तो तुमच्याशी बोलत नाही. तुम्हाला माणसं हवी आहेत, तो नंतर घ्या. 'बाल्डर्स गेट ३' मध्ये माणसं भरपूर आहेत, फक्त लढाई पाळीपाळीने चालते, ती चालत असेल तर बघा.

तुमचं ते शेवटचं सेव्ह मात्र पुसू नका. जागा कमी पडली तर दुसरं काहीही काढा. आणि 'ब्लड अँड वाइन'च्या अगदी शेवटच्या संवादानंतर लगेच कुठलंही बटण दाबू नका. कंट्रोलर मांडीवर ठेवा आणि गेराल्टच्या चेहऱ्याकडे बघत राहा.