तीन वर्षांच्या पाहुण्यासाठी बंगळुरू

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न : आम्ही सोलापूरला राहतो. फेब्रुवारीत चार दिवस बंगळुरूला जाण्याचा विचार आहे. बरोबर साडेतीन वर्षांचा मुलगा आणि गुडघेदुखीचा त्रास असलेल्या सासूबाई असतील. नातेवाइकांनी लालबाग, कब्बन पार्क, विज्ञान संग्रहालय, बनेरघट्टा, राजवाडा, इस्कॉन मंदिर आणि नंदी हिल्स अशी यादी दिली आहे. हे सगळे चार दिवसांत बसेल का? गाडी, मुक्काम आणि मुलाच्या जेवणाविषयीही सांगावे.
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : यादी चार दिवसांत बसेल, पण तुमचा मुलगा त्या यादीत बसणार नाही. बंगळुरूची वाहतूक कोंडी ही नुसती ऐकीव गोष्ट नाही. नकाशावर हाताच्या अंतरावर दिसणाऱ्या दोन ठिकाणांमध्ये तासभर जातो आणि तो तास मोटारीच्या बंद काचेआड काढणे लहान मुलाला सर्वांत जड जाते. म्हणून माझा सल्ला असा की, दिवसाला एकच ठिकाण ठरवावे, तेही सकाळचे, आणि दुपार झोपेसाठी मोकळी ठेवावी. नंदी हिल्स शहरापासून सुमारे साठ किलोमीटरवर आहे आणि तेथे सूर्योदय पाहायचा तर मुलाला मध्यरात्रीनंतर उठवावे लागेल. ते नाव सरळ खोडावे. राजवाडाही खोडण्यास हरकत नाही. मुलाला त्यात काही सापडणार नाही आणि सासूबाईंना चालावे मात्र बरेच लागेल.

महिना तुम्ही उत्तम निवडला आहे. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर असल्याने फेब्रुवारीतील सकाळ थंड असते. मुलाला स्वेटर घ्यावा, तो दहा वाजता काढावा लागेल. याच सुमारास रस्त्यांच्या कडेला गुलाबी टॅबेबुयाची झाडे पाने गाळून नुसती फुलांनी भरलेली दिसतात. वर्षातल्या प्रत्येक ऋतूत कोणते ना कोणते झाड फुललेले असावे, या हिशेबाने येथे झाडे लावण्याची कल्पना राबवली ती गुस्ताव क्रुम्बिगेल या जर्मन उद्यानतज्ज्ञाने. हा गृहस्थ आधी बडोद्यात सयाजीराव गायकवाडांच्या सेवेत होता आणि १९०८ मध्ये बंगळुरूला आला. उद्याननगरी या बिरुदामागे त्याच्या कामाचा वाटा मोठा आहे. आज शहराच्या अनेक भागांत ती सावली उरलेली नाही, हेही खरे, आणि म्हणूनच मुक्काम कोठे करता याला महत्त्व आहे.

मुक्काम जयनगर किंवा बसवनगुडी भागात, मेट्रो स्थानकापासून चालत जाता येईल अशा ठिकाणी करावा. हे जुने, झाडांचे भाग आहेत, लालबाग जवळ आहे आणि साधे शाकाहारी जेवण पावलोपावली मिळते. मेट्रोची हिरवी मार्गिका लालबागेला जाते, जांभळी मार्गिका कब्बन पार्कला, आणि दोन्ही मार्गिका मॅजेस्टिक स्थानकात एकमेकींना मिळतात. तेथे सकाळ-संध्याकाळ कार्यालयाच्या वेळी मोठी गर्दी असते. मुलाला कडेवर आणि सासूबाईंना हाताशी धरून त्या गर्दीत गाडी बदलणे टाळावे.

आता लालबाग. हैदरअलीने १७६० मध्ये या बागेची सुरुवात केली, टिपूने तिचा विस्तार केला आणि आज तिचा परिसर सुमारे २४० एकरांचा आहे. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या धर्तीवर बांधलेल्या ग्लास हाऊसची पायाभरणी १८८९ ची. मोठी माणसे त्याचे छायाचित्र घेतात; मुले तेथे थांबत नाहीत. आमच्या घरातील चार वर्षांच्या मुलीने संपूर्ण बागेतून एकच गोष्ट लक्षात ठेवली, ती म्हणजे तेथील मोठा कातळ. सुमारे ३०० कोटी वर्षांपूर्वीचा हा खडक राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक असून त्याच्या माथ्यावर बंगळुरूचे संस्थापक केंपेगौडा यांच्या नावाचा बुरूज आहे. चढ सौम्य आहे, पायऱ्यांची कटकट नाही आणि धावायला मोकळी जागा भरपूर आहे. मात्र ऊन वाढले की दगड तापतो, म्हणून कातळ आधी आणि बाग नंतर असा क्रम ठेवावा. सासूबाईंसाठी बागेत बॅटरीवर चालणारी गाडी असते. ती मिळाली नाही तर त्यांनी सावलीतल्या बाकावर बसावे आणि तुम्ही दोघांनी आळीपाळीने मुलामागे धावावे. प्रजासत्ताक दिन आणि स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास येथे पुष्पप्रदर्शन भरते. ते देखणे असते, पण त्या गर्दीत साडेतीन वर्षांच्या मुलाला फुलांऐवजी लोकांचे गुडघेच दिसतात. तुम्ही फेब्रुवारीत जात आहात, हे त्याही दृष्टीने बरे.

कब्बन पार्कसाठी रविवार राखून ठेवावा, कारण त्या दिवशी उद्यानातील रस्ते मोटारींना बंद असतात. १८७० मध्ये आखलेल्या या उद्यानात बालभवन असून तेथे छोटी झुकझुकगाडी आहे. ती अधूनमधून दुरुस्तीसाठी बंद असते, तेव्हा गाडी डोळ्यांनी दिसेपर्यंत मुलासमोर तिचे नाव काढू नये. उद्यानालगत कस्तुरबा रस्त्यावर विश्वेश्वरय्या संग्रहालय, म्हणजे तुमच्या यादीतले विज्ञान संग्रहालय, आहे. विमाने, इंजिने आणि हलणारा, गुरगुरणारा डायनोसॉर तेथे पाहायला मिळतो. या वयाची मुले त्या डायनोसॉरसमोर एक तर खिळून राहतात, नाही तर रडत बाहेर पळतात. तुमचा मुलगा कोणत्या गटातला आहे, हे तुम्हालाच ठाऊक.

बनेरघट्टा हे प्राण्यांचे उद्यान शहरापासून सुमारे बावीस किलोमीटरवर आहे आणि त्यासाठी पूर्ण दिवस द्यावा. मंगळवारी ते बंद असते. सकाळी लवकर पोहोचून आधी सफारी करावी आणि मग, मुलाची तब्येत पाहून, फुलपाखरू उद्यान. चौथा दिवस मी मुद्दाम कोराच ठेवला आहे. सासूबाईंना आवड असेल तर त्या दिवशी मल्लेश्वरममधील काडू मल्लेश्वर मंदिरात जावे. १६३८ नंतर बंगळुरू शहाजीराजांच्या जहागिरीत होते आणि हे मंदिर त्यांचे पुत्र व्यंकोजी यांनी बांधले असे मानले जाते.

गाडीविषयी. उद्यान एक्स्प्रेस दुपारी सोलापूर सोडते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बंगळुरूला पोहोचवते. पाच वर्षांखालील मुलाला स्वतंत्र बर्थ नको असेल तर तिकीट लागत नाही. तरीही रात्रभराच्या प्रवासात एका बर्थवर आई आणि मूल दोघांचीही झोप होत नाही, तेव्हा शक्य असल्यास पूर्ण भाडे भरून त्याचा बर्थ घ्यावा. तिकीट काढताना सासूबाईंचे वय अचूक भरावे, म्हणजे खालचा बर्थ मिळण्याची शक्यता वाढते.

जेवणाची चिंता सर्वांत कमी करावी. इडली आणि दहीभात कोठेही मिळतो. दहीभाताला तेथे मोसरन्न म्हणतात. न्याहारीला ‘चौचौ बात’ मागितल्यास एका ताटलीत तिखट उपमा आणि गोड शिरा येतो. शिरा मुलाचा, उपमा तुमचा. चटणीत मिरची असतेच, म्हणून ‘खारा बेडा’ म्हणजे ‘तिखट नको’ आणि ‘बिसि नीरु’ म्हणजे ‘गरम पाणी’ हे दोन शब्दप्रयोग पाठ करावेत. लालबागेजवळचे एमटीआर हे उपाहारगृह १९२४ पासूनचे आहे. दुसऱ्या महायुद्धात तांदळाची टंचाई झाली तेव्हा रवा इडली आपल्याकडेच जन्मली, असे ते सांगतात. इडली छानच असते, पण सुट्टीच्या दिवशी रांगेत एवढा वेळ जातो की मूल भुकेने रडून झोपी जाते. तेथे कामाच्या दिवशी, लवकर जावे.

प्रश्न : चौदा महिन्यांच्या बाळाला घेऊन पुण्याहून विमानाने जात आहोत. बाबागाडी न्यावी का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : घडी होणारी हलकी बाबागाडी न्यावी, पण तिच्यावर विसंबू नये. लालबागेतले रस्ते रुंद आणि सपाट आहेत, तेथे ती उत्तम चालते. शहरातले पदपथ मात्र उंचसखल, मध्येच तुटलेले आणि दुचाकींनी अडवलेले असतात. तेथे बाळाला अंगाशी बांधून घेण्याची झोळी हवी. विमानतळ शहरापासून सुमारे ३५ किलोमीटर दूर आहे, म्हणून सायंकाळी पोहोचणारे विमान टाळावे. बाळाची दुधाची वेळ नेमकी रस्त्यात येते, असा माझा अनुभव आहे.

प्रश्न : बंगळुरूला जाऊन म्हैसूर न पाहता परतायचे, हे मनाला पटत नाही. पाच वर्षांच्या मुलीसह एका दिवसात जाऊन येता येईल का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : येता येईल, पण तसे करू नये. म्हैसूर सुमारे १४५ किलोमीटरवर आहे. जाऊन येण्यात दिवसाचा मोठा भाग जातो आणि वृंदावन उद्यानाचे कारंजे तर अंधार पडल्यावरच खुलते. ते पाहून रात्री बंगळुरूला परतायचे म्हणजे मुलीला झोपेत उचलून आणणे आले. म्हैसूर हवेच असेल तर तेथे दोन रात्री मुक्काम करून बंगळुरूतले तेवढे दिवस कमी करावेत. त्यातली एक संध्याकाळ रविवारची ठेवल्यास राजवाड्याची रोषणाई पाहता येईल. मंगळवार मात्र टाळावा, कारण त्या दिवशी म्हैसूरचे प्राणिसंग्रहालय बंद असते आणि पाच वर्षांच्या मुलीला फाटकावरून परत फिरवणे किती अवघड असते, ते तुम्ही जाणताच.