पणती दारात की खिडकीत?

चि. सई,

अनेक आशीर्वाद. एकाच घरात राहून तुला पत्र लिहिते आहे. परवा जेवताना तू जे विचारलंस त्याचं उत्तर तोंडाने देता आलं नाही, म्हणून.

शाळेत तुला ऋषी सुनक यांच्या कारकिर्दीचा लेखाजोखा लिहायचा आहे. त्यासाठी तू जुने फोटो काढून बसली होतीस. डाउनिंग स्ट्रीटवरच्या पंतप्रधानांच्या घराची पायरी, तिच्यावर दिवे, त्यांच्या दोन्ही मुली. तो फोटो माझ्यासमोर धरून तू म्हणालीस, "आई, हे लोक पायरीवर पणत्या लावतात. आपण खिडकीत लावतो, पडद्याच्या आत. आपल्याला लाज वाटते का?"

मी म्हटलं, "बाहेर वारा असतो गं," आणि आमटी गरम करायला उठले. वारा खोटा नाही. साउदॅम्प्टनचा ऑक्टोबर तुला माहीत आहे. पण खरं कारण वारा नव्हतं आणि बाबांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती तूही पाहिलीस.

आधी वाईचं सांगते. मधल्या आळीतलं आपलं घर तू पाहिलंस ते नंदूमामाने दुरुस्त केल्यानंतरचं. माझ्या लहानपणी पुढे अंगण होतं, सारवलेलं. माई (तुझ्यासाठी ती फोटोतली पणजी) वसुबारसेच्या आदल्या रात्री पणत्या घंगाळात बुडवून ठेवायची. कोऱ्या पणत्या तेल पितात. सकाळी त्या पालथ्या घालून वाळवायच्या आणि दुपारी माई मांडीवर वाती वळत बसायची. उंबऱ्याच्या दोन्ही अंगांना एकेक पणती, तुळशीपाशी एक, विहिरीच्या काठावर एक, गोठ्यात एक. गाय विकून चार वर्षं झाली होती तरी गोठ्यातली चुकली नाही. धनत्रयोदशीला कणकेचा दिवा, त्याची वात दक्षिणेकडे. "का?" म्हटलं की माई म्हणायची, "तसंच असतं." तुलाही मी कधीकधी हेच उत्तर देते आणि तुझा चेहरा पडतो. माझाही पडायचा.

१९८६ साली मी नऊ वर्षांची होते. श्रावणात तात्या गेले. त्या वर्षी घरात दिवाळी नव्हती, फराळ नाही, कंदील नाही. नंदूला किल्ला करायचा होता, त्याने तो शेजारच्या अंगणात जाऊन केला. मी रागावून माडीवर बसले होते. तिन्हीसांजेला शेजारच्या काकू आल्या. हाक मारली नाही. आमच्या उंबऱ्यापाशी एक पणती लावली, झाकलेलं फराळाचं ताट ओट्यावर ठेवलं आणि गेल्या. मला वाटलं, माईला हे चालणार नाही. ती काही बोलली नाही. रात्री मी पाणी प्यायला उठले तर ती दारात वाकून त्या पणतीत तेल घालत होती.

दारातल्या दिव्याबद्दल मला एवढंच कळतं, सई. पोथीतलं काही विचारू नकोस, ते आजीला विचार.

आता खिडकीचं. आम्ही २००५ साली इथे आलो. शर्ली भागात भाड्याचं घर होतं. त्याच जुलैत लंडनमध्ये बॉम्ब फुटले होते आणि बसमध्ये लोक बाबांच्या पाठीवरच्या पिशवीकडे बघायचे. लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला आलं. वाईहून कपड्यांच्या घडीत गुंडाळून आणलेल्या चार पणत्या होत्या, त्यातल्या दोन मी पायरीवर लावल्या. सकाळी दार उघडलं तर एकीचे तुकडे रस्त्यापलीकडे पडले होते आणि दाराला खालून तेल फासलेलं होतं. बाबा म्हणाले, कोल्ह्याने ओढली असेल, फटाके उडवणारी पोरं असतील. असेलही. मी पायरी धुतली, तुकडे कागदात गुंडाळले. पुढच्या वर्षीपासून पणती खिडकीत गेली.

तू २०१० ची. तुझ्या लेखी दिवाळीची पणती खिडकीतच असते, पडद्याच्या आत. मी तुला कधी काही सांगितलं नाही, कारण तुला त्या पायरीची भीती वाटायला नको होती. पण परवा तू विचारलंस तेव्हा लक्षात आलं की माझी भीती मी तुला रीत म्हणून दिली. ते मला फार लागलं.

म्हणून सुनक यांच्याबद्दल माझ्याकडून सरळ मत मिळणार नाही हे आधीच सांगते. त्यांचा जन्म आपल्याच गावातला, १२ मे १९८०, माझ्याहून तीन वर्षांनी लहान. वडील इथले डॉक्टर, आईचं औषधांचं दुकान. रॅडक्लिफ रोडच्या मंदिरात आपण जातो, ते उभं करणाऱ्यांत त्यांचे आजोबा होते. मूळचे पंजाबी, तिथून पूर्व आफ्रिका आणि मग इथे. आपल्यासारखे थेट विमानाने आलेले नव्हेत.

मार्च २०२० मध्ये ते अर्थमंत्री होते. कामावरून घरी बसवलेल्यांचा ८० टक्के पगार सरकार देईल, महिन्याला २५०० पौंडांपर्यंत, असं त्यांनी जाहीर केलं. बाबा त्यात होते. ईशान तेव्हा चार वर्षांचा होता आणि मी प्रयोगशाळेत रात्रपाळ्या करत होते. त्या पैशाने आपलं घर चाललं, हे मी विसरणार नाही. त्याच नोव्हेंबरात त्यांनी डाउनिंग स्ट्रीटवर अकरा नंबरच्या, म्हणजे अर्थमंत्र्यांच्या, दारासमोर पणत्या लावल्या. रात्रपाळीच्या मधल्या सुट्टीत मी तो व्हिडिओ फोनवर पाहिला. वाकून, हाताचा आडोसा करून ते वात लावत होते. मी तो तीनदा पाहिला.

२०२२ चं तुला आठवत असेल. लक्ष्मीपूजनाच्या दुपारी ते पक्षाचे नेते झाले आणि दुसऱ्या दिवशी, २५ ऑक्टोबरला, पंतप्रधान. दोनशे वर्षांतले सगळ्यात तरुण, पहिले हिंदू. त्या सकाळी नेमकं खंडग्रास सूर्यग्रहण होतं, इथेही आणि संध्याकाळी वाईलाही. आजीचा फोन आला, "ग्रहणात कशाला गं गादीवर बसवला त्या मुलाला?" मग विचारलं, "आपल्यातला का?" मी म्हटलं, "पंजाबी. बायको हुबळीची." "मग शेजारचीच की," आजी म्हणाली. त्यांच्या सासूबाई सुधा मूर्ती पुण्यात टेल्कोत नोकरीला होत्या हे तिला पाठ होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलेलं तू पाहिलंस आणि विचारलंस, "तू त्यांना मत देणार आहेस का?" मी नाही म्हटलं, आणि तू गोंधळलीस. माझ्याही मनात ते दोन्ही एकदमच होतं.

तुझ्या निबंधासाठी माझं मत हवं असेल तर देते, पण बाईंना ते पटलंच पाहिजे असं नाही. त्यांना मोडकं घर मिळालं होतं. आधीच्या पंतप्रधान लिझ ट्रस एकोणपन्नास दिवसांत पायउतार झाल्या होत्या, घरांच्या कर्जाचे व्याजदर चढले होते, त्याच महिन्यात महागाई ११.१ टक्के होती. मे २०२४ मध्ये ती २ टक्क्यांवर आली. सगळं त्यांनीच केलं असं नाही, बँक ऑफ इंग्लंडचा आणि उतरलेल्या गॅसच्या भावाचाही त्यात हात आहे. पण त्यांनी घडी बसवली. ब्रेक्झिटनंतर झालेला उत्तर आयर्लंडच्या व्यापाराचा गुंता युरोपशी बोलून त्यांनी फेब्रुवारी २०२३ मध्ये सोडवला, त्याचं श्रेय त्यांना मिळावं तेवढं मिळालं नाही असं मला वाटतं.

जानेवारी २०२३ मध्ये दिलेल्या पाच वचनांपैकी एक माझ्या कामाच्या जागेचं होतं, रुग्णालयांच्या प्रतीक्षायाद्या कमी करण्याचं. तेव्हा इंग्लंडमध्ये यादीत सुमारे ७२ लाख नोंदी होत्या. सप्टेंबरपर्यंत त्या ७७ लाखांच्या वर गेल्या. नर्सेसच्या संघटनेचा सगळ्यात मोठा संप झाला, मग कनिष्ठ डॉक्टरांचे संप झाले. संपामुळे यादी वाढली, असं ते म्हणत. तेही काही अंशी खरं होतं. पण आमच्या मजल्यावर माणसंच कमी होती. परीक्षानळ्यांवरच्या तारखा मी रोज पाहायचे. ते वचन आपल्याकडून पुरं झालं नाही, हे पुढे त्यांनी स्वतः मान्य केलं.

आणि बोटी, इंग्लिश खाडी ओलांडून परवान्याविना येणाऱ्यांच्या. 'बोटी थांबवा' असं लिहिलेल्या लाकडी मेजामागे ते मार्च २०२३ मध्ये उभे राहिले, तेव्हा तू विचारलं होतंस, "त्यांचे आजोबापण बाहेरूनच आले ना?" बाबा म्हणाले, ते कागदपत्रं घेऊन आले होते, फरक आहे. फरक आहे, मी नाकारत नाही. पण २०२४ मध्ये कागदपत्रं घेऊन येणाऱ्यांचीही वाट अवघड झाली. व्हिसासाठी लागणारा कुशल कामगारांचा किमान पगार २६,२०० वरून ३८,७०० पौंडांवर गेला, आरोग्य अधिभार ६२४ वरून वर्षाला १,०३५ झाला, वृद्धांची सेवा करायला येणाऱ्यांना मुलं-नवरा आणता येईना. २००५ साली हेच आकडे असते तर आम्ही आलो असतो का, हा हिशोब बाबांनी एका रात्री कागदावर मांडला. उत्तर नाही असं आलं. त्या पायरीवरचे दिवे मला तेव्हाही सुंदर दिसत होते, आणि त्या दिव्यांनी मला हे सगळं विसरायला लावू नये असंही वाटत होतं.

जून २०२४ मध्ये दुसऱ्या महायुद्धातल्या नॉर्मंडीच्या चढाईच्या ऐंशीव्या स्मृतिदिनाहून ते लवकर परतले. त्याचं दुःख या गावाला जास्त झालं, कारण ते सैनिक याच बंदरातून गेले होते. समोरच्या घरातल्या आजींचे वडील त्यांत होते. त्या मला एवढंच म्हणाल्या, थांबायला हवं होतं. मी काय बोलणार? मला ते माझ्याच घरातल्या कुणाकडून राहून गेल्यासारखं वाटलं. ते आपले कोणी नाहीत हे माहीत असून.

४ जुलैला त्यांचा पक्ष १२१ जागांवर आला, २०१९ ला ३६५ होत्या. दुसऱ्या दिवशी निरोपाचं भाषण आपण दोघींनी पाहिलं. मे महिन्यात निवडणूक जाहीर करताना ते पावसात एकटे भिजत उभे होते, तेव्हा आजी फोनवर हळहळली होती, "कुणी छत्री धरू नये का रे त्याच्यावर?" निरोपाच्या दिवशी त्यांची बायको अक्षता मागे छत्री घेऊन उभ्या होत्या. सुनक यांनी लोकांची माफी मागितली. आणि म्हणाले की आजीआजोबा फारसं काही न घेता या देशात आले, दोन पिढ्यांत आपण पंतप्रधान झालो, आपल्या मुलींनी या पायऱ्यांवर दिवाळीचे दिवे लावले, आणि यात कुणाला काही विशेष वाटलं नाही, हेच या देशाचं विशेष. तू मान हलवलीस. तुला ते अगदी साधं, खरं वाटलं.

मला खरं वाटावंसं वाटलं. महिनाही झाला नाही तोच बाहेरून आलेल्यांविरुद्ध दंगे सुरू झाले. तुला मी त्या आठवड्यात एकटीला बसने जाऊ दिलं नाही आणि तू माझ्यावर चिडलीस. ज्या दारात ते दिवे होते त्या रस्त्याला १९८९ पासून लोखंडी फाटक आहे, दाराशी रात्रंदिवस पोलीस असतो. आपली पायरी फुटपाथवर उघडी आहे. हे मी स्वतःला समजावते, आणि मग वाटतं, की वीस वर्षांपूर्वी फुटलेल्या एका पणतीच्या जिवावर मी किती दिवस हे समजावत बसणार आहे? या रस्त्यावर आपण अकरा वर्षं राहतो. समोरच्या आजी दर वर्षी ईशानच्या किल्ल्यावरचे मावळे मोजून जातात. त्यांना आपली खिडकी दिसते, पण पडदा असतो.

तर लाज नव्हती, सई. भीती होती, आणि पुढे सवय झाली. तुझ्या निबंधात हे लिही असं मी म्हणत नाही. यंदा दिवे बाहेर लाव असंही नाही. तुला या सगळ्याचा कंटाळा आला असेल, तुझी परीक्षा जवळ असेल, तर बॅटरीवरचे दिवे आहेत आणि मी रागावणार नाही. मला थोडं वाईट वाटेल, ते माझं मी बघेन.

वाईहून आणलेल्या चारांतल्या तीन पणत्या उरल्या आहेत. जिन्याखालच्या निळ्या खोक्यात, आजीच्या जुन्या साडीच्या तुकड्यात. चौथीचे तुकडेही त्यातच आहेत, हाताला लागतील, जपून. दारात लावायच्या ठरवल्यास तर आदल्या रात्री पाण्यात बुडवून ठेव. आणि वारा असेल तर उंबऱ्याच्या डाव्या अंगाला ठेव, तिकडे भिंतीचा आडोसा आहे.

तुझी,
आई