शिल्लक म्हणायचं की बाकी?

प्रश्न : आमच्या बचत गटाचा हिशोब मी ठेवते. आता सगळं मोबाइलवर आलंय. अ‍ॅपमध्ये मराठी निवडली की बचतीच्या पानावर ‘तुमच्या खात्यातील संतुलन : २,४०० रुपये’ असं दिसतं. कर्जाच्या पानावरही ‘संतुलन’च. बायका विचारतात, हे काय असतं? गटाच्या वहीत मी काय लिहू? शिल्लक, बाकी, की सरळ बॅलन्स?
– एक वाचक, चिपळूण तालुका

उत्तर : ताई, बचतीच्या पानावर शिल्लक लिहा आणि कर्जाच्या पानावर बाकी. या दोन शब्दांची अदलाबदल कधीही होऊ देऊ नका.

मी एका सहकारी बँकेच्या काउंटरवर ३१ वर्षं काढली. पासबुकं हाताने भरायचे दिवस जाऊन छापील नोंदी आल्या, तेव्हा कुणीतरी बचत आणि कर्ज दोन्हींच्या शेवटच्या रकान्यावर ‘बाकी’ छापून टाकलं. पहिल्याच आठवड्यात मंडईत भाजी विकणाऱ्या एक मावशी आल्या. अक्षर लावून वाचण्याइतपत शिकलेल्या. म्हणाल्या, “दर सोमवारी पैसे भरते मी. मग माझ्याकडं बाकी कशी निघाली?” मी काही बोलायच्या आत त्यांनी पदराची गाठ सोडली, दोनशे रुपये काउंटरवर ठेवले आणि उरलेल्यासाठी आठ दिवसांची मुदत मागितली. स्वतःच साठवलेले पैसे त्या देणं समजून फेडायला निघाल्या होत्या. नवीन पुस्तकं छापून येईपर्यंत मी माझ्या हातात आलेल्या प्रत्येक बचतीच्या पुस्तकावर ‘बाकी’ खोडून ‘शिल्लक’ लिहीत होते.

मूळ अरबी ‘बाकी’चा अर्थ ‘उरलेलं’ एवढाच. वजाबाकीत तो अजून तसाच आहे. पण व्यवहारात आपल्या लोकांनी त्याला देण्याघेण्याच्या कामाला लावलं. ‘त्याची माझ्याकडे बाकी आहे’ म्हटलं की ऐकणाऱ्याला उधारीच कळते. शिल्लक मात्र हातात असते. ‘चार पैसे शिल्लक टाकले’ असं आपण म्हणतो, ‘चार पैसे बाकी टाकले’ असं कुणी म्हणणार नाही.

मग इंग्रजीचं दोन्हीकडे एकाच शब्दावर कसं भागतं? बॅलन्स हा शब्द लॅटिनमधून आला आणि तिथे त्याचा अर्थ होता ‘दोन पारड्यांचा’. म्हणजे आपला तराजूच. तराजूवरून तो हिशोबाच्या वहीत गेला. खतावणीत, म्हणजे खातेनिहाय हिशोबाच्या वहीत, जमा आणि नावे अशा दोन बाजू असतात आणि त्यांच्या बेरजा बहुधा सारख्या येत नाहीत. मग हलक्या बाजूला फरकाची रक्कम लिहून दोन्ही बेरजा सारख्या करायच्या. तो फरक म्हणजे बॅलन्स. वहीला फरक किती एवढंच कळतं. तो फरक तुमच्या पदरात आहे की डोक्यावर, हे आपल्या भाषेत शब्दच सांगतो. हे फार मोलाचं आहे, आणि एका ‘संतुलना’पायी आपण ते घालवून बसतो.

वहीतलं हे गणित मला कॉमर्सच्या वर्गाआधी वडिलांकडे बघून कळलं होतं. ते सांगलीच्या मार्केट यार्डात मापाडी होते. हळदीची पोती, तिकाटण्याला टांगलेला मोठा तराजू, साखळ्यांची दोन पारडी. पहिलं पोतं चढवायच्या आधी ते रिकामी पारडी मोकळी सोडत आणि दांडी थरथरायची थांबेपर्यंत काट्याकडे बघत उभे राहत. एखादं पारडं किंचित वर राहिलं, की त्यात लोखंडाचा तुकडा नाहीतर खडा टाकायचा. तो पासंग. फारसी शब्द आहे, त्यातला ‘संग’ म्हणजे दगड. ‘हा त्याच्या पासंगालाही पुरणार नाही’ हे बोलणं तिथलंच. बरोबरीचं वजन सोडाच, पारडी सारखी करायला टाकतात त्या खड्याइतकंही नाही! खतावणीत हलक्या बाजूला लिहिलेला आकडा पाहिला की मला अजून वडिलांच्या हातातला खडा दिसतो. (पोती मोजताना वडील ‘एक’ म्हणत नसत. ‘लाभ, दोन, तीन’ असं मोजत. पहिला आकडा शेतकऱ्याच्या लाभाचा, असं ते आम्हाला सांगायचे.)

घरून भांडं घेऊन तेल आणायला गेलं की दुकानदार आधी भांड्याचा धडा करायचा. म्हणजे एका पारड्यात रिकामं भांडं आणि दुसऱ्यात तेवढ्याच वजनाचे दगड किंवा मापं, मगच तेल ओतायचं. आता इलेक्ट्रॉनिक काट्यावर भांडं ठेवून बटण दाबतात आणि पडद्यावर शून्य येतं. काम तेच, पण धडा हा शब्द आता शाळेच्या पुस्तकापुरताच राहत चाललाय, याचं मला वाईट वाटतं. ‘काटा’ मात्र टिकला. पूर्वी तो दांडीच्या मधली सुई होता, मग अख्ख्या तराजूला काटा म्हणू लागले, आणि आज उसाने भरलेला ट्रॅक्टर ज्यावर उभा करतात तोही काटाच. तिथे वजन चोरलं तर त्याला काटामारी म्हणतात. ऊस पिकवणाऱ्या गावात या शब्दाचा अर्थ कुणाला विचारावा लागत नाही.

संतुलन हा शब्द वाईट नाही. मुलं रासायनिक समीकरण संतुलित करतात, तिथे तो चपखल आहे, कारण बाणाच्या दोन्ही बाजूंना अणू सारखे यावे लागतात. पण खात्यात पैसे असतात, संतुलन नसतं. ‘बॅलन्स’चंही तेच. फोनमध्ये बॅलन्स टाकला, बॅलन्स संपला, हे आता मराठीच झालंय आणि माझी त्याला हरकत नाही, कारण फोनमध्ये तो शिल्लक याच अर्थाने येतो. तुमच्या वहीत मात्र साठवलेलं आणि घेतलेलं शेजारी शेजारी येतं. तिथे तो नको.

तेव्हा सभासदाच्या पुस्तकात बचतीला ‘शिल्लक’, कर्जाला ‘कर्जाची बाकी’. तीच कर्जाची रक्कम गटाच्या वहीत ‘येणे बाकी’ होईल. गटाने बँकेकडून घेतलेलं कर्ज ‘देणे बाकी’. रोख वहीत सुरुवातीला ‘आरंभीची शिल्लक’, खाली ‘अखेरची शिल्लक’. महिन्याला खात्यांच्या आकड्यांची तेरीज काढा, म्हणजे सगळ्या खात्यांची जमा आणि नावे जुळतात का हे बघायचा तक्ता, आणि वर्षाला ताळेबंद. ताळेबंदातला ‘ताळा’ म्हणजे आपण शाळेत गुणाकार बरोबर आला का हे ज्याने तपासायचो तोच. हे गटातल्या बायकांना सांगून बघा, ताळेबंदाची भीती कमी होते. आणि अ‍ॅप चालवणाऱ्यांना लेखी कळवा. तक्रारीत ‘संतुलन’ या शब्दाखाली रेघ मारून शेजारी दोन वेगळे शब्द लिहा, म्हणजे त्यांना शोधत बसायला नको.

प्रश्न : मुलगी आयटीत आहे, सारखं ‘वर्क-लाइफ बॅलन्स’ म्हणते. मी ‘काम आणि घर यांचा तोल साधणं’ म्हटलं तर तिला ते विचित्र वाटलं. चुकलं का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : तिचा कान बरोबर आहे. तोल साधत नाहीत. तोल जातो, सुटतो, ढळतो, आणि आपण तो सावरतो किंवा सांभाळतो. तोल म्हटलं की पडण्याची भीती आलीच: दोरीवर चालणारी डोंबाऱ्याची पोर, डोक्यावर हंडा घेऊन उतरणारी बाई. समतोल मात्र साधतात, राखतात, आणि तो बिघडतोही. म्हणून ‘समतोल साधणं’ म्हणालात तर व्याकरणात बसेल.

तरीही मला तिथे ‘मेळ घालणं’ जास्त खरं वाटतं. समतोल म्हटलं की दोन पारडी सारखी करायची जबाबदारी येते, आणि घर व नोकरी कधी सारखी होत नाहीत. आज मूल तापाने फणफणलंय, उद्या मार्चअखेर आहे. मेळात वजन सारखं असावं लागत नाही, एकाला एक लागून दिवस पुढे जावा लागतो. बँकेत संध्याकाळी रोकड मोजून आम्ही ‘मेळ बसला का?’ असंच विचारायचो. तो बसेपर्यंत घरी जाता येत नसे आणि माझी दोन मुलं शेजारच्या काकूंकडे बसलेली असत. तुमच्या मुलीची ओढाताण मला कळते. तिला कुठलाही शब्द वापरू दे, फक्त ती कधी घरी येते ते विचारत जा.

प्रश्न : बारावीच्या अर्थशास्त्रात ‘व्यापारतोल’ शब्द आहे. निर्यातीतून आयात वजा करून जे उरतं, त्याला ‘व्यापार शिल्लक’ का म्हणत नाहीत?
– एक विद्यार्थी, लातूर

उत्तर : कारण दर वेळी काही उरतंच असं नाही. आयात जास्त झाली तर तूट येते, आणि तुटीला शिल्लक कसं म्हणणार? तराजूची दांडी दोन्हीकडे झुकू शकते, म्हणून तोल हा शब्द तिथे नेमका बसतो. निर्यात जास्त तर अनुकूल, आयात जास्त तर प्रतिकूल. वस्तूंबरोबर सेवा, परदेशातून घरी पाठवलेला पैसा, गुंतवणूक, कर्ज हे सगळं धरलं की तो होतो व्यवहारतोल. परीक्षेत या दोघांची गल्लत करू नकोस.