नेपाळमधली १४ वर्षं, आणि प्रार्थनापत्रात जे लिहिलं जात नाही

तुझा प्रश्न दोनदा वाचला. तू स्टाफ नर्स, नवरा इलेक्ट्रिशियन, मूलबाळ अजून नाही, आणि नेपाळला दीर्घकाळ सेवेला जायचं दोघांच्या मनात पक्कं होत चाललंय. मंडळीत, म्हणजे आपल्या चर्चमध्ये, सगळे आशीर्वाद देतात, पण अडचणी कुणी सांगत नाही, असं तू लिहिलंयस. शेवटी विचारलंयस, "तुम्हाला परत संधी मिळाली तर जाल का?" वयाने मी तुझ्या आईएवढी असेन, म्हणून अगं-तुगं करते.

आम्ही दोघं १९९६ ते २०१० पाल्पा जिल्ह्यातल्या तानसेनला होतो. मी मिशन हॉस्पिटलात वॉर्डला, नवरा एक्स-रेला. तिथलं मिशनचं काम १९५४ पासूनचं, म्हणजे राणांची सत्ता गेल्यावर देश बाहेरच्यांना नुकता खुला झाला तेव्हापासूनचं.

आधी भाषा. लिपी आपलीच, निम्मे शब्द ओळखीचे, त्यामुळे मराठी माणसाला वाटतं की सहा महिन्यांत जमेल. "पोल्यो" म्हटलं की कुठेतरी पोळतंय हे कळायचं, "दुख्यो" तर सरळच. पण एकदा रात्रपाळीला एक म्हातारी "जाडो, जाडो" म्हणत होती आणि मी तिच्या पायावरची सूज तपासत राहिले. जाडो म्हणजे थंडी. शेजारच्या खाटेवरच्या कुरुवाने, म्हणजे पेशंटसोबत राहणाऱ्या नातेवाईकाने, उठून तिच्या अंगावर आपलं पांघरूण घातलं. दुसऱ्या एका आजोबांना मी आदराच्या "तपाईं"च्या जागी सलगीचं "तिमी" म्हणाले. ते काही बोलले नाहीत, फक्त भिंतीकडे तोंड करून झोपले. आपण सेवा करायला जातो, पण पहिली दोन वर्षं तिथली माणसंच आपली सेवा करतात. हे आधीपासून मनाशी असू दे, नाहीतर तू रोज रात्री स्वतःला दोष देत बसशील.

मग आपलं भारतीय असणं. गोऱ्या मिशनरीकडे लोक कुतूहलाने बघतात, आपल्याकडे तसं बघत नाहीत. १९८९ ला सीमेवरून माल यायचा बंद झाला होता, तेव्हा रॉकेलसाठी लावलेल्या रांगा लोकांच्या चांगल्या लक्षात होत्या. डिसेंबर २००० मध्ये हृतिक रोशनच्या नावाने एक अफवा उठली आणि काठमांडूत भारतीयांविरुद्ध दंगल पेटली. आमच्याकडे काही झालं नाही, पण शेजारच्या दिदीने मला चार दिवस बाजारात पाऊल टाकू दिलं नाही. भाजी तीच आणायची, दारातून आत सरकवायची आणि म्हणायची, "कडी लाव." ती ख्रिस्ती नव्हती आणि शेवटपर्यंत झाली नाही. तिच्याबद्दल शेवटी सांगते.

सगळ्यात जड गेलं ते वडिलांचं. १९९९ च्या पावसाळ्यात हॉस्पिटलच्या ऑफिसात फोन आला. तानसेन ते बुटवल बस, तिथून सुनौली, सीमा पायी ओलांडून गोरखपूरची जीप, मग रेल्वे. मनमाडला उतरले तेव्हा तिसरा दिवस होता. आपल्यात माती दुसऱ्या दिवसापलीकडे ठेवत नाहीत, तुला ठाऊक आहेच. मी घरी पोचले तेव्हा अंगणातल्या भाड्याच्या खुर्च्यासुद्धा परत गेल्या होत्या. आई म्हणाली, "तू देवाचं काम करत होतीस." तिने ते मनापासून म्हटलं, आणि तरीही मला ते वाक्य कित्येक वर्षं सोसलं नाही. भाऊ एकटा सगळं करत होता, दवाखाना, खर्च, रात्रीची जागरणं. आपण ज्याला आपला त्याग म्हणतो, त्याचा मोठा वाटा मागे राहिलेला भाऊ नाहीतर वहिनी उचलत असते, आणि मंडळीत त्यांच्यासाठी कुणी उभं राहून प्रार्थना करत नाही. जायच्या आधी दोन्हीकडच्या भावंडांना समोर बसवून बोला. आईवडिलांचं कोण बघणार, पैसे कोण किती देणार, अगदी कागदावर मांडा. हे अविश्वासाचं लक्षण नव्हे.

दर तीन महिन्यांनी आम्ही गावी मंडळीला प्रार्थनापत्र पाठवायचो, म्हणजे कामाची खबर आणि प्रार्थनेची विनंती. त्यात काय असायचं? इतकी ऑपरेशनं, नाताळचा कार्यक्रम, एक साक्ष (कुणाचा तरी विश्वासाचा अनुभव). नवऱ्याशी आठ-आठ दिवस अबोला होता, प्रार्थनेला बसलं की मन कोरडं, पलीकडे कुणी ऐकतंय असंच वाटत नाही, हे कधी लिहिलं नाही. लिहायला हवं होतं. आम्हाला पाठवणाऱ्यांकडून पहिली तीन वर्षं उत्तरं आली, नंतर फक्त पावती यायची, पुढे तीही बंद झाली. तिथे माणसं बदलली आणि आमची नावं मागे पडली. मी आजही म्हणेन, खरं लिहून पाठवता येईल अशी दोन घरं तरी ठरवून जा. दोन पुरतात.

३१ जानेवारी २००६ च्या रात्री माओवाद्यांनी तानसेनवर हल्ला केला. गावाच्या मधोमध असलेला जुना दरबार जळून गेला. मुलगी सात वर्षांची होती. आम्ही तिघं गादी जमिनीवर ओढून भिंतीलगत पडून होतो आणि ती कानावर हात ठेवून नेपाळीत मोजत होती, एक, दुई, तीन, चार. मराठीत नाही. त्या रात्री मला पहिल्यांदा नीट कळलं की ती तिथली आहे आणि आम्ही पाहुणे आहोत. पुढे २०१० ला आम्ही नगरला परत आलो तेव्हा ती रोज विचारायची, "घरी कधी जायचं?" आम्ही तर तिला घरीच आणलं होतं. तिला इथे रुळायला चार वर्षं लागली, आणि मला वाटतं काही बाबतीत ती अजून रुळलेली नाही. मूल होईल तेव्हा हा हिशोब दोघांनी मिळून करा.

कायद्याचं थोडक्यात. नेपाळमध्ये धर्मांतर घडवून आणणं गुन्हा आहे. २०१८ पासून लागू असलेल्या संहितेप्रमाणे पाच वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड होतो, आणि परदेशी माणसाला शिक्षा भोगल्यावर देशाबाहेर काढतात. आमच्या वेळीही मिशनचा सरकारशी करार होता, त्यात धर्मप्रसार करायचा नाही हे स्पष्ट होतं. म्हणून सांगते, पर्यटक म्हणून जाऊन गुपचूप काही करायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नकोस. पकडलं गेलं तर आपण परत येतो, भोगतात तिथले पाळक. नेपाळची मंडळी वाढली ती नेपाळी माणसांनी तुरुंग सोसून वाढवली. २०२१ च्या जनगणनेत तिथे ५ लाख १२ हजार ख्रिस्ती मोजले गेले. त्यातलं श्रेय आपल्याकडे ओढू नये. तुझं काम वॉर्डात आहे, ते नीट कर. शनिवारी उपासनेला जा (सुट्टी शनिवारी असते, म्हणून मंडळीही शनिवारी भरते) आणि मागच्या चटईवर बस.

एवढं सगळं वाचून घाबरली असशील, तर आपल्या मातीतलंच आठव. मुंबईला आलेले अमेरिकन मिशनरी सॅम्युएल न्यूएल १८२१ ला कॉलऱ्याने गेले. त्यांची बायको हॅरिएट तर इथवर पोचलीच नाही, १९ व्या वर्षी मॉरिशसला वारली. गॉर्डन हॉल १८२६ ला नाशिकच्या दौऱ्यावर कॉलऱ्याने गेले. सिंथिया फरार १८२७ ला अविवाहित आल्या, मुलींना शिकवत राहिल्या आणि १८६२ ला नगरमध्येच वारल्या. सावित्रीबाई फुले शिक्षिकेचे धडे घ्यायला त्यांच्याकडेच आल्या होत्या, पण फरारबाईंना पुढे त्याचं काय होणार याची कल्पना असणं शक्य नव्हतं. मी नगरची, त्यामुळे तिकडे कंटाळा यायचा तेव्हा मला या बाई फार आठवायच्या.

आता मिळालं काय? डोंगरातल्या बायका प्रसूतीनंतर आठवड्यात भारे उचलतात, मग गर्भाशय खाली येतं. तिथे त्याला "आङ खस्यो" म्हणतात आणि लाजेने कुणाला सांगत नाहीत. अशी एक बाई अकरा वर्षं नवऱ्यालाही न सांगता जगली होती. ऑपरेशन झालं, ती गेली. तीन वर्षांनी ती दोन दिवस चालून परत आली, सोबत धाकटी जाऊ आणि गावातल्या आणखी तीन बायका, आणि पाठीवरच्या डोकोत, म्हणजे टोपलीत, माझ्यासाठी मका. दारातच तिने त्यांना सांगितलं, "हिला सगळं सांगा, ही हसत नाही." १४ वर्षांत माझ्याबद्दल इतकं मोठं कुणी बोललं नाही. दुसरं म्हणजे, मी जिला इंजेक्शन द्यायला शिकवलं ती नेपाळी मुलगी पुढे वॉर्डची इन्चार्ज झाली. शेवटची तीन वर्षं माझी ड्युटी ती लावायची. एकदा माझी चूक तिने सगळ्यांसमोर दाखवली. मला वाईट वाटलं आणि त्याच रात्री फार बरंही वाटलं.

परत येणं मात्र जाण्याहून कठीण. नोकरीत जुन्या मैत्रिणी दोन पायऱ्या वर, पीएफ नाही, आणि मंडळीत तिकडच्या गोष्टी ऐकायला लोकांना दहा मिनिटं असतात. नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन तिकडे असतानाही वेळच्या वेळी रिन्यू करत राहा, मी केलं नाही आणि फार फिरावं लागलं.

परत जाल का, या तुझ्या प्रश्नाला दुसरं उत्तर माझ्याकडे नाही, दोन वर्षांपूर्वीची गोष्ट सांगते. पहाटे फोन आला. त्या शेजारच्या दिदीचा मुलगा. "सानिमा, आमा बित्नुभयो." सानिमा म्हणजे धाकटी मावशी. नातेवाइकांना कळवायच्या आधी त्याने मला फोन केला होता. मी मनमाडला गाडी पकडली, तोच रस्ता उलटा, गोरखपूर, सुनौली, बुटवल. त्यांच्यात तेरा दिवस पाळतात, त्यामुळे या वेळी मी पोचले. तो पांढऱ्या वस्त्रात क्रियेला बसलेला. त्याला कुणी शिवायचं नसतं, म्हणून जवळ घेता येईना. मग मी चार हातांवर त्याच्यासमोर चटई टाकली, आणि आम्ही तसेच समोरासमोर बसून रडलो.