एफ्राइम आणि मनश्शे यांचीच नावे का?

प्रश्न : शुक्रवारी सायंकाळी, शब्बाथ म्हणजे विश्रांतीचा पवित्र दिवस सुरू होताना, ज्यू आईवडील मुलांच्या मस्तकावर हात ठेवून आशीर्वाद देतात. मुलींसाठी सारा, रिबका, राहेल आणि लेआ या कुलमातांची नावे घेतात. मग मुलांसाठी अब्राहाम, इसहाक, याकोब या कुलपित्यांऐवजी एफ्राइम आणि मनश्शे यांची नावे का घेतात?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : हे शब्द खुद्द याकोबाने घालून दिले आहेत. बायबलमधील ‘उत्पत्ती’ या पहिल्या ग्रंथाच्या 48 व्या अध्यायात तो मिसर (इजिप्त) देशात मरणशय्येवर आहे आणि त्याचा मुलगा योसेफ आपल्या दोन मुलांना, मनश्शे आणि एफ्राइम यांना, त्याच्याकडे घेऊन आला आहे. ‘देव तुला एफ्राइम आणि मनश्शे यांच्यासारखा करो, असे म्हणून इस्राएल (म्हणजे याकोबाचे वंशज) आशीर्वाद देईल,’ असे तो या नातवांना सांगतो.

ही मुले परमुलखात जन्मली होती आणि त्यांची आई आसनथ ही मिसरी पुरोहिताची मुलगी होती. पूर्वजांच्या वारशापासून सर्वांत दूर वाढलेल्या या नातवांना याकोब ‘माझे मुलगे रऊबेन आणि शिमोन जसे माझे तसेच हेही माझे’, असे म्हणून पुत्रांच्या पंक्तीला बसवतो आणि माझे, तसेच माझे वडील इसहाक आणि आजोबा अब्राहाम यांचे नाव यांच्या ठायी चालत राहो, अशी प्रार्थना करतो. आपण विचारलेली तिन्ही नावे अशी त्याच प्रसंगात गुंफलेली आहेत, आणि मला तर वारसा हाती सोपवण्याचा याहून हृद्य प्रसंग त्या ग्रंथात दुसरा दिसत नाही.

दृष्टी मंदावलेला याकोब हातांची अढी घालून उजवा हात धाकट्या एफ्राइमाच्या डोक्यावर ठेवतो. योसेफ तो हात उचलू पाहतो, तेव्हा ‘मला ठाऊक आहे, बाळा, ठाऊक आहे,’ असे तो म्हणतो. याच याकोबाने तरुणपणी अंध पित्याकडून थोरल्या भावाचा आशीर्वाद कपटाने मिळवला होता आणि त्यापायी त्याला घर सोडून पळावे लागले होते. येथे मात्र सारे उघडपणे घडते आणि मनश्शेने तक्रार केल्याचा उल्लेख कोठेही नाही. आदामाचे मुलगे काईन-हाबेल यांच्यापासून योसेफाच्या भावांपर्यंत चालत आलेले भाऊबंदकीचे वैर या दोघांत नव्हते, म्हणूनच त्यांची नावे घेतात, असे एक परंपरागत स्पष्टीकरण आहे.

वारशात पूर्वजांची पुण्याईही येते; तिला हिब्रूमध्ये ‘झेखूत आवोत’ म्हणतात. मात्र ती किती काळ पुरते, यावर तालमूद या ज्यू धर्मचर्चेच्या प्राचीन ग्रंथातही चर्चा आहे, कारण पुण्याई मिळाली तरी आचरण ज्याचे त्यालाच करावे लागते.

या नावांनंतर बायबलमधील ‘गणना’ ग्रंथातील, मूळ हिब्रूत अवघ्या पंधरा शब्दांचा, याजकांचा आशीर्वाद म्हणतात : ‘परमेश्वर तुला आशीर्वाद देवो आणि तुझे रक्षण करो…’ जेरुसलेममधील केतेफ हिन्नोम येथील थडग्यांत 1979 मध्ये चांदीच्या पत्र्याच्या दोन बारीक गुंडाळ्या सापडल्या, सुमारे 2600 वर्षांपूर्वीच्या त्या ताइतांवर हाच आशीर्वाद कोरलेला आहे.