'तपास सुरू आहे' म्हणून अपघाताचे कागद अडवले, आता काय?

प्रश्न : चार महिन्यांपूर्वी पहाटे फिरायला गेलेल्या माझ्या वडिलांना (वय ६८) पुण्यात एका मालवाहू टेम्पोने धडक दिली. मांडीचे हाड मोडले, दोन शस्त्रक्रिया झाल्या, अजून वॉकर सुटलेला नाही. ठाण्यात गुन्हा नोंदवल्याचे सांगतात, पण एफआयआर, पंचनामा काहीच हाती देत नाहीत. टेम्पोचा विमा कोणत्या कंपनीचा, तेही कळत नाही. कंटाळून मी माहिती अधिकारात अर्ज केला. २४ दिवसांनी एका ओळीचे उत्तर आले : 'प्रकरण तपासाधीन असल्याने कलम ८(१)(ज) अन्वये माहिती देता येत नाही.' त्याला आता १२ दिवस झाले. अपील करू की थेट कोर्टात जाऊ? अर्जाची प्रत सोबत जोडली आहे.
– एक वाचक, पुणे

उत्तर : ताई, अपील करा, पण त्याच्या निकालाची वाट बघत बसू नका. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात भरपाईचा दावा अपघातापासून सहा महिन्यांत दाखल करावा, असे मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६(३) मध्ये लिहिलेले आहे. या मुदतीचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला आहे, पण त्याच्या भरवशावर कोणी राहू नये. तुमच्या हातात जेमतेम दोन महिने उरले आहेत. माहिती अधिकाराचे पहिले अपील ३० ते ४५ दिवस खाते, आणि दुसऱ्या अपिलासाठी राज्य माहिती आयोगाकडे गेलात तर तारीख कधी लागेल हे मी सांगू शकत नाही.

तुमचा अर्ज वाचला. दोन पाने, अकरा प्रश्न. 'आरोपीस अद्याप अटक का केली नाही?' 'तपास अधिकारी फोन का उचलत नाहीत?' 'आमच्यासारख्या सामान्य माणसाला न्याय मिळणार की नाही?' तुमचा संताप समजतो. वडील अंथरुणावर असताना कोणीही असेच लिहील. पण माहिती अधिकारात 'माहिती' म्हणजे दप्तरी असलेला कागद. 'का' या प्रश्नाचे उत्तर दप्तरात नसेल, तर ते तयार करून देण्याची जबाबदारी जन माहिती अधिकाऱ्यावर नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने सेल्सा पिंटो प्रकरणात २००८ सालीच हे स्पष्ट केले आहे. शिवाय महाराष्ट्राच्या २०१२ च्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे. (अटकेबद्दल एवढेच, की निष्काळजीपणे गाडी चालवून गंभीर दुखापत करणे हा जामीनपात्र गुन्हा आहे. चालकाला अटक झाली असती तरी तो जामिनावर सुटलाच असता. त्या मुद्द्यावर शक्ती घालवू नका.)

त्याहून मोठी चूक वेगळीच आहे. तुम्ही त्रयस्थ नागरिक म्हणून कागद मागितलेत. तुमचे वडील त्रयस्थ नाहीत, या गुन्ह्यातले पीडित आहेत. पीडिताला यातले बरेचसे कागद माहिती अधिकाराशिवाय मिळतात, तेही वेगवेगळ्या कायद्यांखाली. म्हणून एकच मोठा अर्ज न करता कागदागणिक दार निवडायचे.

सुरुवात एफआयआरपासून. फिर्याद बहुधा पोलिसानेच सरकारतर्फे दिली असेल आणि 'फिर्यादी तुम्ही नाही' असे तुम्हाला ऐकवले गेले असेल. जुन्या दंड प्रक्रिया संहितेत मोफत प्रत फक्त खबर देणाऱ्याला मिळत असे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(२) मध्ये 'किंवा पीडिताला' हे शब्द आले. प्रत विनाशुल्क आणि लगेच द्यायची आहे. ठाण्यात हेलपाटा मारण्याआधी महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर 'प्रकाशित एफआयआर' या ठिकाणी ठाणे आणि तारीख टाकून बघा. यूथ बार असोसिएशन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये लैंगिक अत्याचार, दहशतवाद असे संवेदनशील गुन्हे सोडून बाकीचे एफआयआर २४ तासांत संकेतस्थळावर टाकण्याचा आदेश दिला होता. अपघाताचा एफआयआर तिथे असायला हवा. तो उतरवून घेतलात की गुन्हा क्रमांक हाती येतो, आणि गुन्हा क्रमांक नसेल तर पुढचे कोणतेही टेबल तुमच्याशी बोलत नाही.

आता टेम्पोचा विमा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६० प्रमाणे भरपाईचा हक्क सांगणाऱ्याने ठरलेली फी भरून मागणी केली, की ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याने किंवा आरटीओने वाहनाची ओळख पटवणारा तपशील, चालकाचे नाव-पत्ता आणि विम्याची माहिती द्यायलाच हवी. हे कलम फार थोडे लोक वापरतात. वकीलही. हाच तपशील माहिती अधिकारात मागाल तर 'वैयक्तिक माहिती' म्हणून कलम ८(१)(ञ) पुढे केले जाईल, आणि नोव्हेंबर २०२५ पासून ते कलम आणखी कडक झाले आहे. तेव्हा कलम १६०चा स्वतंत्र अर्ज करा, वडिलांच्या सहीने.

तिसरी गोष्ट तुम्हाला ठाण्यात कोणी सांगितली नसणार. १ एप्रिल २०२२ पासून केंद्रीय मोटार वाहन नियमांत अपघाताच्या तपासाची ठरावीक पद्धत आहे. तपास अधिकाऱ्याने ४८ तासांत नमुना १ मध्ये पहिला अपघात अहवाल न्यायाधिकरणाला द्यायचा. १० दिवसांत पीडिताला त्याच्या हक्कांचा नमुना २ हातात द्यायचा. ९० दिवसांत नमुना ७ मधला सविस्तर अपघात अहवाल कागदपत्रांसह न्यायाधिकरणात दाखल करायचा. हे पाळा, असे सर्वोच्च न्यायालयाने गोहर मोहम्मद प्रकरणात डिसेंबर २०२२ मध्ये पुन्हा बजावले. तुमचे ९० दिवस कधीच उलटले. नमुना ७ दाखल झाला असेल तर घटनास्थळाचा पंचनामा, नकाशा, गाडीची कागदपत्रे असे तुम्हाला हवे ते जवळपास सगळे त्याच्यासोबत असेल. न्यायाधिकरणाच्या कार्यालयात तुमचा वकील एका दिवसात ते तपासू शकेल. दाखल झालेला नसेल, तर तेच तुमच्या तक्रारीचे कारण.

तेव्हा तपास अधिकाऱ्याच्या नावाने साधे पत्र लिहा. तपासाची प्रगती ९० दिवसांत पीडिताला कळवावी असे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३(३) मध्ये आहे, ते त्यात लिहा. नमुना १ आणि ७ च्या प्रती मागा. टक्कर रस्त्यावरच्या कॅमेऱ्यात आली असेल तर ते चित्रीकरण ताब्यात घेतले का, हेही विचारा. चार महिन्यांनंतर ते पुसले गेलेले असण्याची शक्यता मोठी आहे, पण प्रश्न कागदावर असू द्या. पत्राची एक प्रत परिमंडळाच्या उपायुक्तांना. दोन्हींवर आवक क्रमांक आणि शिक्क्याची पोच घ्या. 'ठेवून जा, साहेब आले की देतो' असे म्हणाले तर परत या आणि स्पीड पोस्टाने पाठवा. पोच नसलेला अर्ज दिलाच नव्हता, असे म्हणायला लोक मोकळे असतात. माझ्या एका अशिलाचे पाच अर्ज असेच हवेत विरले होते.

आता अपील. ३० दिवसांची मुदत आहे, त्यातले १२ गेले. अपील नमुना 'ब' मध्ये, २० रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावून करायचे. अपिलीय अधिकारी कोण आणि मुदत किती, हे नकाराच्या पत्रातच लिहिणे कलम ७(८) प्रमाणे बंधनकारक आहे. एका ओळीच्या उत्तरात ते नसेल, तर तोही अपिलाचा एक मुद्दा. अपिलात नव्या मागण्या घालता येत नाहीत, म्हणून तुमच्या अकरापैकी ज्या दोन मागण्या खऱ्या अर्थाने कागदाच्या आहेत, म्हणजे क्रमांक ३ (एफआयआरची प्रत) आणि क्रमांक ७ (ठाणे दैनंदिनीतली नोंद), तेवढ्याच धरा. मजकूर छोटा ठेवा :

'नुसता तपास चालू आहे, हे कलम ८(१)(ज) खाली नकाराचे कारण होत नाही. माहिती दिल्याने तपासात कोणता व कसा अडथळा येईल, हे जन माहिती अधिकाऱ्यांनी सांगितलेले नाही. नकार योग्य असल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी कलम १९(५) प्रमाणे त्यांच्यावर आहे. काही भाग देता येत नसल्यास कलम १० प्रमाणे उरलेला भाग द्यावा.'

आधाराला दिल्ली उच्च न्यायालयाचा भगतसिंग विरुद्ध मुख्य माहिती आयुक्त (२००७) हा निकाल लिहा. ठाणे दैनंदिनी आणि केस डायरी यांत मात्र गल्लत करू नका. दैनंदिनीत ठाण्यात दिवसभर काय घडले त्याच्या नोंदी असतात आणि तुम्हाला हवी असलेली नोंद वेळेवरून नेमकी सांगता येते : 'दि. … रोजी पहाटे ५ ते ८ या वेळेत … रस्त्यावरील अपघातासंबंधी झालेल्या नोंदींच्या प्रमाणित प्रती.' केस डायरी ही तपास अधिकाऱ्याची तपासाची रोजची नोंदवही. ती आरोपीलाही मागता येत नाही, तुम्हालाही मिळणार नाही. साक्षीदारांचे जबाबही सध्या मिळण्याची आशा धरू नका. त्या बाबतीत नकार देणारा अधिकारी बहुधा बरोबर ठरतो.

दोषारोपपत्र दाखल झाल्यावर त्याची प्रत माहिती अधिकारात मागू नका. ते सार्वजनिक दस्तऐवज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सौरव दास प्रकरणात २०२३ मध्ये म्हटले आहे. पीडितातर्फे वकील उभा असेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २३० प्रमाणे प्रत मिळते, नाहीतर न्यायालयाच्या नक्कल विभागात अर्ज करायचा.

यानंतर तुमच्या अर्जांची दखल कशी घेतली, हे पाहायला माहिती अधिकार कामाचा आहे. महिनाभरात पत्राला उत्तर आले नाही, तर १० रुपयांचे तिकीट लावून नवा अर्ज करा आणि एकच मागणी लिहा : 'आवक क्रमांक … च्या माझ्या पत्रावर झालेल्या कार्यवाहीच्या टिपणीची व शेऱ्यांची प्रत.' या मागणीला 'तपासाधीन' हे उत्तर फारसे शोभत नाही. प्रतीचे पानाला दोन रुपये. अर्ज कोणाकडे द्यायचा ते ठाण्यातल्या माहिती अधिकाराच्या फलकावर असते. चुकीच्या कार्यालयात गेला तर त्यांनीच तो पाच दिवसांत पुढे पाठवायचा असतो.

दावा मात्र यातल्या कशासाठीही थांबवू नका. एफआयआर, दवाखान्याची बिले, डिस्चार्ज कार्ड आणि टेम्पोचा नंबर एवढ्यावर तो दाखल होतो, राहिलेले कागद न्यायाधिकरण पोलिसांकडून मागवू शकते. वडिलांना जिने चढता येत नसतील तर वकीलपत्रावर सही घ्यायला वकिलाला घरी बोलवा. वडिलांच्या नावाने होणाऱ्या प्रत्येक अर्जासोबत त्यांनी तुम्हाला दिलेले अधिकारपत्र जोडा, म्हणजे खिडकीवर 'तुम्ही कोण?' हा प्रश्न येणार नाही.